काक्षीचं अंतर नेमकं किती? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप असा: मी काक्षी (मृग नक्षत्रातला तांबडा तारा, इंग्रजीत बीटलज्यूस) 548 प्रकाशवर्षं दूर असल्याचं लिहिलं, तुमच्या जुन्या पुस्तकात 427 आहे आणि मोबाइलवरचं अ‍ॅप 724 सांगतं. मग त्याची त्रिज्या सूर्याच्या 764 पट, असं मी कुठल्या तोंडाने लिहितो?

आधी चूक कबूल करतो. 2020 सालच्या ज्या अभ्यासातून 548 घेतलं, त्यात वर 90 आणि खाली 49 प्रकाशवर्षांची सोय ठेवलेली आहे. ती मी गाळली. पण ‘सगळा अंदाजपंचे कारभार’ हे तुमचं वाक्य पटलं नाही.

तुमच्या पुस्तकातला आकडा हिप्पार्कस या ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या उपग्रहाच्या 1997 सालच्या यादीतला. रेडिओ दुर्बिणींची मापं त्यात मिळवल्यावर 2017 साली 724 आलं. 548 वेगळ्याच वाटेने आलंय: तारा कसा आकुंचन-प्रसरण पावतो, त्यावरून आधी आकार आणि मग अंतर.

एवढी ओढाताण का? 427 आणि 724 हे दोन्ही आकडे पराशयावरून काढलेले. पराशय म्हणजे त्या ताऱ्यावरून पृथ्वी-सूर्य अंतर जेवढं दिसेल, तो कोन. काक्षीसाठी तो एका विकलेच्या (अंशाच्या 3,600 व्या भागाच्या) पाच-सहा हजारांश भरतो. आणि खुद्द काक्षीची तबकडी 42 हजारांशांच्या आसपास! म्हणजे मोजायची हालचाल ताऱ्याच्या रुंदीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. त्यात त्या तबकडीवर उकळत्या वायूचे अवाढव्य डाग येतात-जातात, त्यामुळे तेजाचा मध्यच इकडेतिकडे सरकतो. ताऱ्यांची अंतरं मोजणारी गाया अवकाश दुर्बीण हा वाद मिटवेल म्हणावं, तर काक्षी तिला झेपणार नाही इतका तेजस्वी.

तरी 2017 आणि 2020 च्या निकालांचे पट्टे सहाशेच्या थोडं पुढे एकमेकांवर येतातच.

त्रिज्येबाबत तुमचा मुद्दा रास्त आहे. तबकडीचा कोन तोच धरला तर 427 प्रकाशवर्षांना त्रिज्या सूर्याच्या सुमारे 590 पट निघते, 724 ला हजार पट. तेव्हा 764 पुढे ‘अंतर 548 धरून’ एवढं आज जोडलंय.

आकाशातली जागा (तिथले जणू रेखांश-अक्षांश) मात्र वादातीत आहे: विषुवांश 5 तास 55 मिनिटं, क्रांती उत्तर 7 अंश 24 कला. पृष्ठभागाचं तापमान, सुमारे 3,500 केल्व्हिन, हेही तसंच ठेवलंय. ते वर्णपटावरून काढतात, तिथे अंतर लागत नाही.