हॉस्पिटॅलिटी म्हणजे नुसती चैन नव्हे

फुटबॉल सामन्याचं हॉस्पिटॅलिटी तिकीट (जागेसोबत खाणंपिणं आणि खास कक्ष देणारं महागडं तिकीट) म्हणजे उधळपट्टी, हे लेखातलं मत पटलं नाही. लिव्हरपूल-एव्हर्टन या एकाच शहरातल्या दोन इंग्लिश क्लबांच्या सामन्याची साधी तिकिटं क्लबच्या सदस्यांनाही मिळता मिळत नाहीत, तिथे परदेशातून जाणाऱ्याचं काय? मी आधी एका मध्यस्थाकडे पैसे भरले आणि ते बुडाले. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय फुटबॉलची तिकिटं विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे नंतर कळलं. मग थेट लिव्हरपूल क्लबकडूनच दोन हॉस्पिटॅलिटी तिकिटं घेतली. महाग पडली, पण कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचे सामने बघत म्हातारे झालेले माझे बाबा लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर क्लबचा लाल मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे होते, डोळे भरलेले. जाणाऱ्यांनी एवढं पाहा: यजमानांच्या हॉस्पिटॅलिटीत पाहुण्या संघाचे रंग घालून जाऊ नका, आत सोडत नाहीत.