अरे, बाहेर पडू दे की!

पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘एक्झिट’ लिहिलं, एंटर दाबलं. सुटका झाली? छे! वर सूचना: पुढे कंस लावा, नाहीतर कंट्रोल-डी दाबा. अरे, मला काय हवंय ते कळलंय ना तुला? मग सोड की! विंडोजवर कंट्रोल-डी नाही, तिथे कंट्रोल-झेड, आणि मग एंटर. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये ‘एक्झिट’च्या आधी टिंब. संख्याशास्त्राच्या ‘आर’ भाषेत ‘क्यू’ आणि कंस दिले तरी विचारणार, वर्कस्पेस, म्हणजे आतापर्यंतचं काम, जपून ठेवू का? एका माणसाने किती दारांच्या किल्ल्या सांभाळायच्या? १९९१ साली आलेल्या पायथनमध्ये नुसतं ‘एक्झिट’ चालायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला, ३.१३ आवृत्तीत! आणि आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर? अजून ३.८. तीच सूचना, तोच कंस, रोज.