‘32 मागितली, 20 वर बोळवण केली’: दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही दोन तारे दिलेत. तक्रारी अशा: 32 जीबीची रॅम मागितली तरी आम्ही 16 चीच घातली, रॅमच्या पाकिटावर वेग 3200 छापलाय पण लॅपटॉप 2667 दाखवतो, म्हणजे माल जुना, दहा मिनिटांच्या कामाला मशीन रात्रभर ठेवून घेतलं, आणि एवढं करूनही सकाळी चालू व्हायला लागायचा तेवढा वेळ लागतोच. वर ‘तापकीर गल्लीत (पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) मागाल ते देतात, इथे उलटतपासणी होते’ असंही लिहिलंय. उलटतपासणी होते, खरं आहे. (तापकीर गल्लीतून माल आम्हीही आणतो.)

तुमच्या लॅपटॉपला रॅमचा स्लॉट एकच आहे. 4 जीबी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली आहे, ती निघत नाही. स्लॉटमध्ये आणखी 4 होती. आय5-10210यू हा प्रोसेसर 64 जीबीपर्यंत चालवू शकतो, पण लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये या मॉडेलची मर्यादा 20 दिली आहे: 4 बोर्डवरची आणि 16 स्लॉटमधली. 32 ची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, कधी कधी चालूनही जाते. पण नाही चालली, किंवा बायोस (मशीन चालू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर रुसली, तर लॅपटॉपवाली कंपनी हात वर करते आणि फोडलेलं पाकीट आम्हाला माल देणारा परत घेत नाही. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव जसे चढलेत ते बघता हा जुगार ग्राहकाच्या पैशाने आम्ही खेळत नाही.

मर्यादा बाजूला ठेवू. तुम्हाला 32 लागते का? हे मोजता येतं आणि आम्ही ते तुमच्यासमोरच मोजलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा. तिथल्या ‘इन यूज’ने बहुतेकांची फसगत होते. 8 जीबीच्या मशीनवर तो आकडा 8 च्या वर जाणारच कसा? खाली ‘कमिटेड’ असतं, त्यातला पहिला आकडा बघायचा: चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅम्सनी मिळून किती मेमरी मागितली आहे ते. जी रॅममध्ये मावत नाही ती विंडोज डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलतं, आणि तिथेच मशीन अडखळायला लागतं. तुम्ही सांगितलेलं रोजचं काम, म्हणजे टॅली, जीएसटीच्या दोन जाडजूड एक्सेल फायली, क्रोमच्या पंचवीसेक टॅब आणि झूम, हे सगळं एकदम उघडल्यावर तो आकडा 11.4 जीबी होता. त्यात मोकळीक म्हणून पाव हिस्सा मिळवायचा, झाले सव्वाचौदा. 8 ची स्टिक घालून एकूण 12 केली असती तर अपुरी पडली असती, म्हणून ती आम्ही सुचवलीच नाही. 20 मध्ये तुमचं काम ऐसपैस बसतं. 32 ची घालून एकूण 36 केली असती तर वरची 16 जीबी बहुतेक वेळ बसून राहिली असती.

हिंजवडीतली आयटीवाली मंडळी डॉकर, दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइडचा एम्युलेटर असे रॅम खाणारे प्रोग्रॅम एकत्र चालवतात. त्यांना 32 आम्हीच सांगतो, पण दोन स्लॉट असतील तर 16 च्या दोन. दोन्ही चॅनलवर (प्रोसेसरपासून रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांवर) सारखी रॅम असली की वेग चांगला मिळतो. तुमच्याकडे 4 आणि 16 आहे, त्यामुळे पहिली 8 जीबी ड्युअल चॅनलने चालते, उरलेली 12 सिंगलने. 32 ची घातली असती तरी ड्युअलवर 8 च राहिली असती.

आता 2667. पाकिटावरचा 3200 हा स्टिकचा कमाल वेग. तुमच्या प्रोसेसरचा मेमरी कंट्रोलर डीडीआर4 प्रकारच्या रॅमला 2666 पर्यंतच चालवतो (विंडोज तोच आकडा 2667 दाखवतं), त्यामुळे स्टिक त्याच्या चालीने चालते. जुना माल म्हणून नव्हे.

रात्रभर ठेवण्याबद्दल. बसवायला दहा मिनिटंही लागत नाहीत, हे अगदी बरोबर. मागचं झाकण काढायचं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा (लॅपटॉप बंद असला तरी बोर्डवर वीज असते), स्टिक तिरकी धरून पूर्ण आत सरकवायची आणि खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन बसल्या पाहिजेत. एकच बसली तर स्क्रीन काळी राहते किंवा मशीन फक्त बोर्डवरची 4 दाखवतं. नंतर पहिल्यांदा चालू करताना मिनिटभर काहीच दिसत नाही, कारण बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी पॉवर बटण दाबून धरायचं नाही. रात्र गेली ती रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट86 या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्यांत. खराब स्टिक पहिल्या दिवशी बिनतक्रार चालते आणि मार्चअखेरीला एक्सेल बंद पाडते. चाचणीत एक जरी चूक आली असती तरी ती स्टिक आम्ही तुम्हाला दिली नसती.

राहिला सकाळचा वेळ. त्याचं कारण रॅम नाहीच. तुमच्या मशीनमध्ये 5400 आरपीएमची, म्हणजे संथ फिरणारी हार्ड डिस्क आहे. चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बघा, 100 टक्क्यांवर चिकटलेली दिसेल. बिलाच्या मागे ‘एसएसडी घ्यावी’ (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान, न फिरणारी डिस्क) असं लिहून दिलंय ते याचसाठी. 32 चा हट्ट सोडून वाचले ते पैसे तिकडे घाला. बोर्डवर तिच्यासाठी एम.2 चा 2280 मापाचा स्लॉट मोकळा आहे, 500 जीबीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी तुम्हाला पुरेल. विंडोज तिच्यावर क्लोन करून (जशीच्या तशी उतरवून) देऊ, हार्ड डिस्क फायलींसाठी आतच राहील. येताना चार्जर आणा, टॅलीचा बॅकअप आधी घेऊन ठेवा, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून आणा. ती आम्हाला काढता येत नाही.