ट्रेनरच्या टक्केवारीत नफा शोधणाऱ्यांसाठी

शर्यतीच्या शौकिनांमध्ये सध्या एक दावा हातोहात फिरतो आहे. घोड्यांचा अभ्यास करण्यात वेळ घालवू नका, असे तो सांगतो. त्याऐवजी रेसकोर्सवरील प्रत्येक ट्रेनरची जुनी नोंद काढावी; कोण कोणत्या अंतरावर, कोणत्या जॉकीबरोबर, किती दिवसांच्या विश्रांतीनंतर जिंकतो ते पाहावे; आणि जिथे २५ टक्के किंवा त्याहून अधिक यश दिसेल तिथे डोळे झाकून पैसे लावावेत, कारण मागील हिशोबात नफा दिसतो आणि सामान्य पैजवाल्यांना ही माहिती नसते. नोंदी ठेवण्याला माझा विरोध नाही, मी स्वतः अनेक वर्षे निकालांच्या वह्या भरल्या आहेत. माझा आक्षेप त्या नोंदींतून काढलेल्या निष्कर्षांना आहे.

टक्केवारी चांगली म्हणजे नफा निश्चित, या पहिल्या विधानात भावाचा उल्लेखच नाही. समजा, एका ट्रेनरचे चारात एक घोडे जिंकतात, परंतु त्याच्या नावामुळेच त्याचे घोडे सरासरी एकास दोन भावाने, म्हणजे १ लावल्यास मूळ १ आणि वर २ नफा अशा भावाने, सुटतात. सारख्या रकमेच्या १०० पैजा लावल्या, २५ जिंकल्या आणि प्रत्येकीचे तिप्पट परत आले, तर १०० लावून ७५ हाती येतात. याउलट दहात एक जिंकणारा, पण बाजाराने दुर्लक्षिलेला ट्रेनर एकास बाराच्या भावाने १०० लावून १३० परत देऊ शकतो. शिवाय टक्केवारी शर्यतीच्या आकारावरही अवलंबून असते. पाच घोड्यांच्या शर्यतीत २० टक्के यश म्हणजे निव्वळ योगायोगाइतके यश, तर चौदा घोड्यांच्या शर्यतीत तेच यश दुपटीहून अधिक चांगले ठरते. एकाच शर्यतीत तीन घोडे उतरवणाऱ्या मोठ्या तबेल्याच्या खात्यात तर, त्यांपैकी एक जिंकला तरी, दोन पराभव आपोआपच जमा होतात.

विशिष्ट अंतर, विशिष्ट जॉकी, विशिष्ट विश्रांती अशी चाळण लावत गेल्यास ‘दडलेला’ नमुना सापडतो, या दुसऱ्या विधानात मात्र खरा धोका आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. कल्पना करा की ४० ट्रेनर आहेत, सगळे अगदी सारख्याच कुवतीचे, प्रत्येकाचे २० घोडे धावले आणि प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता १० टक्के आहे. तरीही कोणत्याही एका ट्रेनरचे पाच किंवा अधिक घोडे जिंकण्याची शक्यता सुमारे ४.३ टक्के येते; म्हणजे चाळिसांत सरासरी एक-दोघांच्या नावापुढे २५ टक्के किंवा त्याहून अधिक यश केवळ नशिबाने लागते. आता प्रत्येकाची नोंद दहा प्रकारे चाळा, प्रत्येक चाळणीत २० घोडे उरतात असे धरा, आणि ४०० रकान्यांपैकी सतराच्या आसपास रकाने चमकू लागतील. ज्याला यांपैकी एखादा रकाना सापडतो, तो त्याचे स्पष्टीकरण हमखास शोधून काढतो: घोड्याला पहिल्यांदा झापडे घातली होती, जॉकीला मैदानाची नस ठाऊक आहे, वगैरे. निकाल पाहून रचलेले हे कारण म्हणजे वरातीमागून घोडेच. खऱ्या ट्रेनरच्या बाबतीतही २० पैकी ५ विजयांवरून त्याचे दीर्घकालीन यश साधारण ९ ते ४९ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, एवढेच म्हणता येते.

तिसरे विधान मागील हिशोबातील नफ्याचे, त्याचेही तसेच आहे. एका यादीत प्रत्येकी १ रुपयाच्या ६० पैजांवर ६८ परत आल्याचे दिसते, म्हणजे ८ चा नफा. पण त्यात एकास तेहेतीस भावाचा एक विजेता असेल तर त्या एकट्याने ३४ दिलेले असतात, आणि तो वगळल्यास उरलेल्या ५९ पैजांवर २५ चा तोटा उरतो. पुराव्याचा सगळा भार एका घोड्याच्या मानेवर आहे, आणि ती शर्यत मानेच्या अंतरानेही जिंकलेली असू शकते.

चौथे विधान, लोकांना हे ठाऊक नसते, हे तर सरळ चुकीचे आहे. ट्रेनरच्या नोंदी सगळ्यांसमोर असतात आणि भावांत त्यांचे पडसाद आधीच उमटलेले असतात. हँडिकॅप शर्यतींत जिंकणाऱ्या घोड्याचे रेटिंग वाढते व त्याच्या पाठीवर अधिक वजन येते, त्यामुळे तबेल्याच्या चांगल्या महिन्याचा फायदा पुढच्या शर्यतीत काही अंशी कापलाच जातो. हाँगकाँगच्या शर्यतींवर संगणकाच्या साहाय्याने पैजा लावणारे बिल बेंटर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे मांडले, की केवळ स्वतःच्या मॉडेलवर विसंबल्यास आपला फायदा प्रत्यक्षाहून मोठा भासतो, म्हणून त्या अंदाजाला लोकांनी ठरवलेल्या भावांची जोड द्यावी लागते. डोळे झाकून पैसे लावा, हा सल्ला त्याच्या नेमका उलटा आहे.

या दाव्यात तथ्याचा एक अंश आहे, तो नाकारणे अन्यायाचे होईल. दीर्घ विश्रांतीनंतर घोडा कितपत तयार आहे हे प्रेक्षकाला दिसत नाही, ट्रेनरला दिसते. त्यामुळे त्या बाबतीत त्याची सवय काही सांगू शकते. तबेल्यात श्वसनमार्गाचा संसर्ग पसरला तर सगळेच घोडे एकदम मंदावतात, हेही खरे. पण ते विजयांच्या संख्येत नव्हे, तर घोडे किती अंतराने मागे राहिले यात लवकर दिसते. नोंदच वापरायची असेल तर प्रत्येक घोड्याच्या भावावरून त्याची जिंकण्याची शक्यता काढावी, त्या सगळ्यांची बेरीज प्रत्यक्ष विजयांशी ताडून पाहावी, आणि सापडलेला नमुना ज्या मोसमाकडे अजून पाहिलेलेच नाही, त्यावर तपासावा.

राहिला प्रश्न टोटचा, म्हणजे सगळ्यांच्या पैजा एका गल्ल्यात जमा करून तो जिंकणाऱ्यांत वाटण्याच्या पद्धतीचा. टोटमध्ये पैजांचा गल्ला वाटण्यापूर्वी त्यातून ठरावीक कपात होते. ती २० टक्के असेल तर १०० पैकी ८० च परत वाटले जातात, म्हणजे केवळ बरोबरीत सुटण्यासाठीही घोड्याची खरी शक्यता लोकांच्या अंदाजाच्या सव्वापट असावी लागते. आणि लाभांश ठरतो तो पैजा बंद झाल्यावर. हा दावा ज्यांनी ज्यांनी वाचला, त्यांचे पैसे त्याच ट्रेनरच्या त्याच घोड्यावर जाऊन पडले, तर फलकावर पाहिलेला भाव घोडे गेटमधून सुटेपर्यंत उरत नाही.