क्लच ब्लीड करूनही पेडल परत खाली जातंय? निपाणीच्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. मी सांगितल्यासारखं क्लच ब्लीड केलात, म्हणजे क्लचच्या फ्लुइडच्या लाइनीतली हवा काढलीत, चार दिवस गिअर लोण्यासारखे पडले आणि परत पेडल तळाला, म्हणून ही पद्धतच बोगस, असली कामं लोकांना घरी करायला सांगू नका, असं तुमचं म्हणणं. राग कळतो, पण चार दिवस पेडल कडक राहिलं ना, मग हवा निघाली होती की. बंद लाइनीत हवा आपोआप तयार होत नाही, परत आली म्हणजे कुठलं तरी सील गेलंय आणि नुसतं ब्लीड करून ते बरं होणार नाही.

आधी डॅशबोर्डखाली वाका. पेडलची दांडी मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबलं की फ्लुइड ढकलतो तो) शिरते तिथं बोट फिरवा, ओलं लागलं तर मास्टर गेला. कोरडं असेल तर गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरचं (त्या फ्लुइडच्या दाबानं क्लच सोडवतो तो) रबरी बूट जरा सरकवून बघा, आत फ्लुइड दिसता कामा नये. बाहेर कुठंच गळत नाही, फ्लुइडच्या टाकीतली लेव्हलपण तेवढीच, तरी पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली बसतंय? मग मास्टरचं आतलं सील. काही गाड्यांत स्लेव्ह बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) आत असतो, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते काम मात्र गॅरेजलाच द्या.

आणि तुम्ही लिहिलंय की एकट्यानंच निपल (हवा सोडायचा स्क्रू) उघडा ठेवून धडाधड पेडल मारलं. असं नको हो. पाय सुटला की निपलच्या आट्यातनं हवा परत आत ओढली जाते. दुसरा माणूस घ्या, निपल उघडून पेडल सावकाश खाली, निपल आवळा, मगच पाय वर, आणि पेडल खालीच चिकटलं तर हातानं वर ओढा. मध्ये मध्ये टाकी बघत राहा, रिकामी झाली की सगळं पहिल्यापासनं.

फ्लुइड झाकणावर लिहिलेलाच घाला, बहुतेक डॉट ३ नाहीतर डॉट ४. गेल्या पावसाळ्यापासनं उघडा पडलेला डबा नको, तो हवेतलं पाणी ओढतो. डॉट ४ ताजा असताना निदान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ती हद्द १५५ पर्यंत उतरते आणि खानापूरकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे. इंजिन ऑइल तर चुकूनही नको, रबरी सील फुगून जातात.

बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते, क्लचची नळी वरच्या बाजूला, म्हणून लेव्हल उतरली की आधी क्लच जातो. तेव्हा लेव्हल ब्रेककडनं उतरत नाही ना, चाकांच्या आतनं ओलं नाही ना, हे बघितल्याशिवाय नुसता फ्लुइड ओतून चोर्ला घाटात गाडी घालू नका. दांडीजवळ ओलं लागलं तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष कळवा, मास्टर कसा काढायचा ते लिहितो.