समर स्कूल निवडायचे ते सहा नियम: फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

सध्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय, बहुतेकांपर्यंत पोचला असेलच. मुलांसाठी इंजिनिअरिंगचं समर स्कूल कसं निवडायचं याचे सहा नियम आहेत त्यात. थोडक्यात सांगायचं तर, सहा-सात वर्षांपासूनच सुरू करा नाहीतर मूल मागे पडेल. मोठ्या युनिव्हर्सिटीच्या नावाचंच घ्या, पुढे ऍडमिशनला उपयोगी पडतं. फी जास्त तिथे दर्जा जास्त. एआय, ड्रोन, रोबोटिक्स सगळं एकाच ठिकाणी शिकवतात तेच निवडा. शेवटच्या दिवशी मूल चालणारा प्रोजेक्ट घेऊन घरी आलंच पाहिजे. आणि गणितात कच्च्या मुलांवर यासाठी पैसे घालवू नका. खाली लिहिलंय, जास्तीत जास्त पालकांना पाठवा. आणि लोक पाठवतायत.

मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. मी शाळकरी मुलांच्या अशा वर्कशॉपमध्ये मेंटर म्हणून बसते, आणि अगदी याच नियमांनी निवडलेल्या क्लासमधून "मला हे जमत नाही" असं ठरवून बाहेर पडलेली मुलं बघितलीत, हुशार, हाताला कला असलेली मुलं. म्हणून एकेक मुद्दा घेते. क्रम त्यांचा नाही ठेवत, सुरुवात पाचव्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो.

"शेवटच्या दिवशी चालणारा प्रोजेक्ट हातात हवा"

ऐकायला बरोबर वाटतं, पैसे भरलेत तर काहीतरी दिसायला नको का. पण जरा विचार करा, वीस मुलं आहेत, पाच दिवस आहेत, आणि शुक्रवारी संध्याकाळी आईवडिलांसमोर वीसच्या वीस रोबोट चाललेच पाहिजेत अशी गॅरंटी दिलीय, तर ती पाळायची कशी? एकच मार्ग उरतो. किट असं निवडायचं की चुकायला जागाच नाही, कोड आधीच लिहून ठेवायचा, मुलांनी चित्र बघून स्क्रू पिळायचे, आणि गुरुवारी रात्री मुलं घरी गेली की मेंटरनी बसून जे चालत नाहीत ते दुरुस्त करायचे. हे सर्रास होतं. मुलाला सकाळी आल्यावर कळतंच की काल बंद पडलेला रोबोट आज आपोआप चालायला लागलाय, आणि त्यातून ते काय शिकतं तर बिघडलेलं दुसरं कोणीतरी नीट करून देतं.

आता याच्या उलट काय असतं ते एका उदाहरणातून सांगते. एक मुलगी, वय असेल बारा-तेरा, छोटा मेकॅनिकल हात बनवत होती, आर्डुइनो बोर्ड (कोड टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि एक सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंत फिरणारी). कोड बरोबर, वायरिंग बरोबर, पण हात उचलायला लागला की बोर्ड रीस्टार्ट व्हायचा, परत पहिल्यापासून. तिनं कोड तीनदा तपासला, मग रडकुंडीला आली. अनुभव असलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत कळतं, मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते, यूएसबीवरून मिळणारं व्होल्टेज खाली पडतं आणि बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पण तिच्या मेंटरनं ते सांगितलं नाही, तिच्या हातात मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, दिला आणि एवढंच विचारलं की हात हलताना बोर्डला पाच व्होल्ट मिळतायत का ते बघ. तिनं बघितलं, आकडा खाली येताना दिसला. मग मोटरला वेगळी बॅटरी लावायची कल्पना तिचीच. लावली, तर मोटर नुसती थरथरायला लागली, कारण बॅटरीचा आणि बोर्डाचा ग्राउंड, म्हणजे उणे बाजू, एकमेकांना जोडलाच नव्हता. तेही शोधून काढलं. अख्खी दुपार गेली यात. शुक्रवारी तिचा हात फक्त वरखाली होत होता, बाकीच्यांसारखी वस्तू उचलत नव्हता, पण तो का चालतो आणि आधी का चालत नव्हता हे ती येईल त्या माणसाला सांगत होती. माझ्या दृष्टीनं तिच्या आईवडिलांचे पैसे वसूल झाले.

तर समर स्कूलवाल्यांना फोन केलात की आधी हे विचारा: मुलाचं काम चाललं नाही तर तुम्ही काय करता? "आमच्याकडे सगळ्यांचं चालतं" असं उत्तर आलं तर मी तरी तिथे घालणार नाही. "मग आम्ही त्यांना एकेक भाग वेगळा करून तपासायला लावतो" असं काहीतरी उत्तर आलं तर पुढचं बोला. सोबत हेही विचारा की एका किटमागे किती मुलं, कारण चार मुलांत एक किट असेल तर एक मूल बनवतं, एक मदत करतं, आणि दोघं बघत बसतात.

"सहा-सात वर्षांपासूनच"

मागे पडेल म्हणजे कोणाच्या मागे? स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून कोड लिहायची मुलांची भाषा, जी अमेरिकेतल्या एमआयटी युनिव्हर्सिटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये आणली आणि आज जगभर मुलं वापरतात, ती बनवणाऱ्यांनीच आठ ते सोळा वयासाठी बनवलीय. पाच ते सातच्या मुलांसाठी त्यांनी स्क्रॅचज्युनिअर वेगळं काढलं, नुसती चित्रांची ब्लॉक्स, वाचता येत नसलं तरी चालेल असं. म्हणजे ज्यांनी यात आयुष्य घातलंय त्यांनाही वाटतं की सहा वर्षांच्या मुलाला वेगळं काहीतरी लागतं, आणि इकडे जाहिरातीत सहा वर्षांच्या मुलाला पायथॉन, म्हणजे टाइप करून लिहायची मोठ्यांची प्रोग्रामिंग भाषा, शिकवतायत.

लहान मुलांना खोलायला, जोडायला, पाडायला, परत उभारायला मिळालं पाहिजे. पुठ्ठा, चिकटपट्टी, दोरी, ठोकळे, जुनी बिघडलेली खेळणी, हे त्या वयातलं इंजिनिअरिंगच आहे आणि त्याला समर स्कूल लागतंच असं नाही. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा सोल्डरिंग गन (धातू वितळवून वायरी जोडायचं गरम हत्यार) हातात घेतलेली मुलं दोन आठवड्यांत कुठल्या कुठे जातात, कारण त्यांना स्वतःला यायचं असतं. टीनएजर्सच्या बाबतीत तर उलटंच सांगेन, पंधरा-सोळाच्या मुलाला पाच दिवसांचं धावतं शिबिर पुरत नाही, एका प्रश्नावर दोन-तीन आठवडे बसायला मिळेल असं काही शोधा.

"मोठं नाव आणि मोठी फी"

हे दोन मुद्दे त्यांनी वेगळे लिहिलेत पण खरं तर एकच आहेत, म्हणून एकत्र घेते.

युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर भरणारं प्रत्येक समर स्कूल त्या युनिव्हर्सिटीचं नसतं. सुट्टीत वर्ग आणि हॉस्टेल रिकामी असतात, ती बाहेरच्या कंपन्या भाड्यानं घेतात, माहितीपत्रकावर इमारतीचा फोटो असतो, सर्टिफिकेटवर कॅम्पसचं नाव असतं, पण शिकवणारे, अभ्यासक्रम, निवड यातलं काहीच त्या युनिव्हर्सिटीचं नसतं. यात बेकायदेशीर काही नाही, पण पालक जे समजून पैसे भरतात ते हे नाही. म्हणून थेट विचारा की हा कार्यक्रम कोण चालवतं, शिकवणारे कोण, आणि युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या वेबसाइटवर याची माहिती आहे का.

आणि फीचं म्हणाल तर उलटी उदाहरणं डोळ्यासमोर आहेत. रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हा शाळकरी मुलांचा उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम १९८४ पासून चालू आहे, आता एमआयटीत भरतं, जगभरातून दरवर्षी साधारण शंभर मुलं निवडतात, आणि शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट, प्रवासाचा खर्च तेवढा आपला. एमआयटीचाच माइट्स नावाचा कार्यक्रम १९७० च्या दशकापासून आहे, तोही मुलांकडून फी घेत नाही. शाळकरी मुलांसाठी यापेक्षा मानाचे कार्यक्रम फार थोडे असतील. तिथे निवड होणं अवघड असतं, म्हणूनच निवड झाली तर त्याला वजन असतं. ज्या समर स्कूलमध्ये फी भरली की प्रवेश नक्की, तिथलं सर्टिफिकेट बघून ऍडमिशनवाल्यांना तुमच्या मुलाबद्दल एवढंच कळतं की घरच्यांनी फी भरली. त्यापेक्षा मुलानं तिथून आल्यावर स्वतःच्या डोक्यानं काहीतरी पुढे नेलं, घरी बसून त्यात सुधारणा केली, तर त्याबद्दल लिहायला त्याच्याकडे खरोखर काही असतं.

सगळं महाग ते वाईट असं म्हणत नाहीये मी. चांगले मेंटर, थोडी मुलं, भरपूर साहित्य याला खर्च येतोच. फी कशासाठी जाते ते विचारा, आणि परवडत नसेल तर शिष्यवृत्ती आहे का हेही न लाजता विचारा, बऱ्याच ठिकाणी असते पण जाहिरातीत लिहिलेली नसते.

"एआय, ड्रोन, रोबोटिक्स, सगळं एकाच ठिकाणी"

सोमवारी ड्रोन, मंगळवारी थ्रीडी प्रिंटिंग, बुधवारी एआय, गुरुवारी रोबोट. मूल रोज नवीन खेळणं बघून येतं. थ्रीडी प्रिंटरचंच बघा, हाताच्या तळव्याएवढी वस्तू प्रिंट व्हायला कित्येक तास लागतात, आणि पहिला प्रयत्न बहुतेक वेळा फसतो, तळ सुटतो नाहीतर भोक लहान पडतं आणि स्क्रू जात नाही. खरं शिकणं दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रिंटमध्ये असतं. एका दिवसात ते बसेल कसं? मग आधीच प्रिंट केलेल्या की-चेन वाटतात.

एआयचं तसंच. मुलांनी वेबकॅमसमोर दोन वस्तू धरल्या, "ट्रेन", म्हणजे कम्प्युटरला शिकवायचं, बटण दाबलं, कम्प्युटरनं ओळखलं, टाळ्या. यात वाईट काही नाही, पण इथे थांबलात तर ती जादू झाली. त्याच मुलांना सांगा की आता खिडकीपाशी जा आणि परत दाखव, बहुतेक वेळा ओळखायला चुकतं, कारण सगळे फोटो एकाच भिंतीसमोर एकाच उजेडात काढलेले होते. का चुकलं हे मुलांनी स्वतः शोधलं, वेगवेगळ्या उजेडात नवीन फोटो जमवले, परत ट्रेन केलं, तर मग काहीतरी शिकवलंय म्हणता येईल.

आणि साधनांची नावं बघून भुलू नका हो. लेगो माइंडस्टॉर्म्स हे रोबोट बनवायचं किट १९९८ मध्ये आलं, मुलांच्या रोबोटिक्सचं दुसरं नावच झालं होतं, आणि २०२२ च्या शेवटी कंपनीनं ते बंद केलं. त्यावर ज्यांनी सेन्सर, गिअर आणि लूप समजून घेतले त्यांचं काही अडलं नाही, ज्यांनी फक्त त्या किटची बटणं पाठ केली ती अडकली.

"गणितात कच्च्यांसाठी नाही"

या मुद्द्यावर मला खरा राग आला. कारण गणिताची भीती जायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. एलईडी पाच व्होल्टला थेट जोडला की जळतो, हे मुलं एकदा करून बघतात, वास येतो, सगळे हसतात. मग रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करणारा भाग, किती लावायचा? एलईडी स्वतः साधारण दोन व्होल्ट घेतो, उरले तीन, २२० ओहमचा रेझिस्टर घेतला तर तीन भागिले २२०, करंट आला साधारण १४ मिलिअँपिअर, एवढ्यात एलईडी छान पेटतो आणि जळत नाही. हा साधा भागाकार आहे, पण वहीत जो भागाकार नकोसा होता तोच इथे हवासा होतो कारण पुढचा एलईडी वाचवायचाय.

किंवा पुलाचं काम घ्या. पातळ लाकडी पट्टी डिजिटल वजनकाट्यावर उभी धरायची, वरून हळूहळू दाबायची, आणि ती बाजूला वाकायला लागते तेव्हाचा आकडा लिहून घ्यायचा. मग तीच पट्टी अर्धी कापून परत. मुलांचा अंदाज असतो दुप्पट वजन घेईल, काट्यावर येतं जवळजवळ चौपट. ऑयलर नावाच्या गणितज्ञानं हा नियम १८ व्या शतकात मांडला, पण मुलांना नाव नंतर सांगितलं तरी चालतं, पुलाचे खांब आखूड का ठेवायचे किंवा मधे आडवा आधार का द्यायचा हे त्यांना हाताला कळलेलं असतं. गणितात कच्चं म्हणून घरी बसवलेलं मूल हे कधी बघणार?

जे त्या मेसेजमध्ये नाहीच

सुरक्षेबद्दल एक अक्षर नाही. सोल्डरिंग गनचं टोक साधारण ३५० अंश सेल्सिअसला असतं. ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या फुगल्या, टोचल्या किंवा जास्त चार्ज झाल्या तर पेट घेतात. म्हणून गॉगल सगळ्यांना आहेत का, सोल्डरिंगच्या टेबलावर एका मोठ्या माणसामागे किती मुलं, बॅटऱ्या कुठे आणि कोणाच्या नजरेखाली चार्ज होतात, हे विचारताना संकोच करू नका. नीट चालवणाऱ्यांना हे प्रश्न आवडतात, त्यांची उत्तरं तयार असतात.

दुसरं, मुलींचं. मिक्स टीममध्ये कोणी मुद्दाम काही करत नाही पण तिसऱ्या दिवशी बघावं तर स्क्रूड्रायव्हर मुलांकडे आणि पोस्टर मुलींकडे. चांगल्या ठिकाणी रोज कामं बदलून देतात, आज जो कोड लिहितो तो उद्या वायरिंग करतो. लाजऱ्या मुलांनाही, मग मुलगा असो की मुलगी, याचा तेवढाच फायदा होतो. तुमची मुलगी असेल तर हे आधी विचाराच.

राहायचं की रोज जाऊन यायचं हा प्रश्न मुलालाच विचारा, त्यात बाहेरच्यांनी सांगण्यासारखं काही नाही.

आणि एक कागद मागून घ्या, मागच्या वर्षीचं कुठल्याही एका दिवसाचं टाइमटेबल, तास-तासाचं. त्यात मुलांचे हात किती तास चालतात आणि स्लाइड बघत किती तास बसतात ते मोजा. दिवसाच्या निम्म्याहून जास्त वेळ बसून ऐकण्यात जात असेल, किंवा ते टाइमटेबल द्यायलाच तयार नसतील, तर दुसरीकडे चौकशी करा, अजून वेळ आहे.