‘फोनो प्रीॲम्प म्हणजे नुसता बूस्टर’? तसं नाही

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या रेकॉर्ड ऐकणाऱ्या मंडळींत सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: फोनो प्रीॲम्प, म्हणजे टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि ॲम्प्लीफायर यांच्यामध्ये जोडायचा डबा, हा पैसे उकळायचा धंदा आहे. टर्नटेबलचा आवाज बारीक येतो, तो वाढवला की झालं, आणि त्याला कुठलाही माइक बूस्टर चालतो. बास कमी वाटला तर बासची कळ फिरवा. आणि आजोबांच्या प्लेअरला कुठे होता प्रीॲम्प? माझ्या ओळखीतल्या दोघांनी हे वाचून तशी जोडणी केलीसुद्धा, म्हणून लिहायला बसलो.

आवाज वाढवणं हे प्रीॲम्पचं अर्धंच काम. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि वरचे सूर मुद्दाम चढवतात. खर्ज आहे तसा कापला तर चर, म्हणजे सुई जिच्यातून धावते ती रेघ, इतका हेलकावतो की शेजारच्या चराला भिडेल, आणि एका बाजूला वीस मिनिटांचं गाणं मावणार नाही. वरचे सूर चढवायचं कारण खरखर: वाजवताना ते परत खाली आणले की त्यांच्याबरोबर खरखरही खाली येते. हे किती करायचं याचं माप 1954 मध्ये ठरलं, त्याला आरआयएए वक्र म्हणतात. वाजवताना 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत 100 हर्ट्झला सुमारे 13 डेसिबल वाढ लागते, 50 ला 17, तर 10 किलोहर्ट्झला जवळजवळ 14 डेसिबल घट. साधा बूस्टर सगळंच सारखं वाढवतो.

टिळकवाडीत मामांच्या घरी हे कानांनी ऐकलं. कुमार गंधर्वांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा, त्यामुळे मामांकडे पहिली एलपी निघते ती त्यांचीच. बूस्टरवर तानपुऱ्याची नुसती सळसळ आली, खर्जाची तार गायब. तबल्याच्या चाटीवरचा टणत्कार कानाला टोचत होता आणि डग्गा नव्हताच. मामा म्हणाले, “तबलजी एकाच हातानं वाजवतोय काय रे?” मग प्रीॲम्प जोडून सुई त्याच जागी ठेवली, तर मनगट दाबून काढलेली डग्ग्याची घुमारी खोलीभर पसरली.

बासची कळ हे काम का करत नाही? वक्र 50, 500 आणि 2122 हर्ट्झपाशी वळतो. कळीची वळणं वेगळ्या जागी असतात आणि तिची ताकदही बहुधा तोकडी पडते. खाली गुबगुबाट वाढतो, पण गायकाच्या आवाजाचं अंग असतं तो मधला पट्टा पोकळच राहतो.

शिवाय लोडचा, म्हणजे जोडलेल्या इनपुटच्या रोधाचा, प्रश्न आहे. कार्ट्रिज म्हणजे सुईची हालचाल विजेत बदलणारा भाग; त्यातल्या मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकाच्या, कार्ट्रिजला 47 किलोओहम लागतात. मिक्सरच्या माइक इनपुटला बहुधा दोन-तीन किलोओहमच असतात, मग वरचे सूर भलत्याच ठिकाणापासून गळतात.

आजोबांच्या प्लेअरचं उत्तर सोपं आहे. त्या सुटकेससारख्या प्लेअरमध्ये बहुतेक करून क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असायची. ती शेकडो मिलिव्होल्ट देते, आणि सुई किती हलली यावर चालत असल्यामुळे वक्राची भरपाई बरीचशी तिच्यातच होते. आजची मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज तीन ते पाच मिलिव्होल्ट देते आणि सुईच्या वेगावर चालते. दोन्हींची तुलनाच होत नाही. शिवाय ती जुनी कार्ट्रिज चरावर कितीतरी जास्त भार टाकायची; आजोबांच्या रेकॉर्ड झिजल्या त्याचं हेही एक कारण.

मजकुरातली एक गोष्ट मात्र बरोबर आहे: महागडा प्रीॲम्प प्रत्येकाला लागत नाही. आधी ॲम्प्लीफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली जागा आहे का पाहा, टर्नटेबलला फोनो-लाइनचं बटण आहे का पाहा. असेल तर प्रीॲम्प आतच आहे, वेगळा डबा घेऊच नका. दोन प्रीॲम्प एकदम चालू ठेवलेत तर भरपाई दुप्पट होऊन नुसता घुमघुमाट ऐकू येईल. घ्यायचाच असेल तर मूव्हिंग मॅग्नेटला 40 डेसिबल गेन, म्हणजे वाढ, पुरतो. मूव्हिंग कॉइलला, म्हणजे हलत्या वेटोळ्याच्या कार्ट्रिजला, 60 च्या आसपास हवा, कारण ती बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली देते. गेन जास्त तितकं चांगलं, हे चूक. जोरकस तानेला आवाज फाटतो. गुणगुण येत असेल तर प्रीॲम्पला दोष देण्याआधी टर्नटेबलची अर्थची बारीक वायर त्याच्या स्क्रूला घट्ट बसवा.

राहिल्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या. नाट्यसंगीताचे असे गठ्ठे आपल्या भागात अजून घराघरांत आहेत, आणि त्यातल्या बहुतेक 1954 च्या आधीच्या. त्यांना आरआयएए लागू होत नाही. त्या वक्रावर त्या मंद, दबलेल्या वाजतात. त्यांना वक्र बदलता येणारा प्रीॲम्प आणि तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लागते. एलपीची सुई त्या रुंद चराच्या तळाशी घासत जाते, म्हणून मामांचा गठ्ठा तशी सुई मिळेपर्यंत आम्ही कपाटातच ठेवलाय.